समुद्रकिनारी लग्न करायचंय, वऱ्हाड सोलापूरहून जाणार. तिथी आणि वेळ कशी धरावी?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय आणि घरात गेले पंधरा दिवस एकच विषय चालू आहे. मुलाकडचे रत्नागिरी तालुक्यातले, गणपतीपुळ्याच्या अलीकडं अगदी किनाऱ्याला लागून त्यांच्या नातेवाइकांची नारळी-पोफळीची वाडी आहे, आणि बहिणीच्या मनात फार वर्षांपासून आहे की आपलं लग्न समुद्राच्या काठावर सूर्य बुडताना लागावं. सहावीत असताना शाळेच्या सहलीला जाऊन तिनं पहिल्यांदा समुद्र बघितला आणि येताना पाण्याच्या बाटलीत समुद्र भरून आणला, ती बाटली अजून आईच्या कपाटात आहे, पाणी केव्हाच आटलं, तळाला मिठाचा पांढरा थर तेवढा राहिलाय. त्यामुळं हे तिच्यासाठी नीट करून द्यायची माझी फार इच्छा आहे.

अडचण अशी की आमच्या घरात समुद्रातलं कुणालाच काही कळत नाही. आपल्याला पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, हिप्परग्याचा तलाव, लांबात लांब उजनी. संध्याकाळी जिथं बघितलं तिथंच सकाळी असतं.

गुरुजींनी तीन मुहूर्त काढून दिलेत, तिन्ही गोरज. माघ शुद्ध पंचमी, माघ शुद्ध दशमी आणि अक्षय तृतीया. पहिले दोन फेब्रुवारीत येतात, वेळ ६ वाजून २६ मिनिटं दिलीय. पाहुण्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक अक्षय तृतीयाच धरा म्हणायलेत कारण पोरांना सुट्ट्या असतात, शिवाय मामांची मुलगी बारावीला आहे, फेब्रुवारीत तिची परीक्षा. वडील मात्र मे म्हटलं की गप्प होतात. इकडचे साधारण १८० लोक, तिकडचे दीडशे. आज्जी ८२ वर्षांची आहे, तिला न्यायचंच आहे.

तर मांडव पाण्यापासून किती लांब घालायचा, तीनपैकी कुठला दिवस बरा, वाऱ्याचं काय करायचं, होम पेटेल का, ज्यांनी असं लग्न केलंय किंवा जे किनाऱ्यावर राहतात त्यांनी सविस्तर सांगा प्लीज. इव्हेंटवाल्यांना विचारलं तर ते फुलांच्या कमानीचे फोटोच पाठवतात, भरतीचं विचारलं की "होऊन जाईल सर" एवढंच.

---

खारवीवाडा

दादा, तुमचं काम तुमच्या गुरुजींनी अर्धं केलेलंच आहे. तिथी कळली म्हणजे भरती कळली. आमच्याकडं म्हातारी माणसं घड्याळ न बघता सांगतात, तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पाणी पूर्ण भरतं. पंचमी म्हणजे पाच, पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पंचमीला दुपारी पावणेचारच्या सुमाराला भरती पूर्ण, मग तिथून सुकती, म्हणजे ओहोटी, लागते ती रात्री दहापर्यंत. दशमीची पाऊणपट साडेसात. म्हणजे दशमीला तुमचा मुहूर्त आणि भरती जवळजवळ एकाच वेळी, मंगलाष्टकं चालू असताना पाणी पायाकडं चढत येणार. वद्य पक्षातही हाच हिशोब, पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं.

याच्यामागं काही गूढ नाही, चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्याच्या मागोमाग भरती पण तेवढीच पुढं सरकते. दिवसात दोनदा भरती दोनदा सुकती, एका भरतीपासून दुसऱ्या भरतीला साडेबारा तासांना थोडे कमी. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होतो म्हणून नक्की वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघून घ्या, सर्वे ऑफ इंडियाचं दरवर्षी निघतं, मोबाईलवर पण मिळतं, पण रत्नागिरीचंच बघा, मुंबईचं लावू नका. मुंबईला पाणी उशिरा भरतं आणि जास्त चढतं, आमच्याकडं फरक कमी.

दुसरी गोष्ट. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप वर येतं आणि खूप मागंही जातं. सप्तमी-अष्टमीला भांग, तेव्हा पाणी फार चढत नाही फार उतरत नाही. पंचमी म्हणजे उधाण मोडून भांगाकडं चाललेलं पाणी, बरं असतं. मला विचाराल तर डोळे झाकून पंचमी.

मांडव किती लांब याला मीटरमध्ये उत्तर नाही, पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, कुठं सपाट कुठं उतरती असते. जागेवर जाऊन तीन गोष्टी बघा. एक, वाळलेल्या सुरूच्या काड्या, शिंपल्या, काटक्यांची एक रेघ पुळणीवर लांबलचक दिसते, ती कालपरवाच्या भरतीची रेघ. त्याच्यावर अजून एखादी जुनी रेघ असते ती उधाणाची. दोन, आमच्या होड्या ओढून ठेवलेल्या असतात ती जागा, होडी कुणी पाण्याच्या भरवशावर ठेवत नाही. तीन, मर्यादवेल. जांभळी फुलं येतात, पानाचा आकार आपट्यासारखा दुभंगलेला, वाळूवर पसरते. तिला मर्यादवेल म्हणतात ते उगाच नाही, समुद्राची मर्यादा तिथंच संपते. मांडवाचे खांब तिच्या अलीकडं, जमिनीच्या बाजूला. वेल मात्र उपटू नका, वाळू धरून ठेवते ती.

---

बाळीवेसची_काकू

खारवीवाडा भाऊंनी सांगितलं ते अगदी अक्षरशः खरं आहे, आमच्या पुतण्याच्या लग्नात आम्ही ते भोगलंय म्हणून लिहिते. डिसेंबर महिना, पौर्णिमा, चांदण्यात लग्न म्हणून सगळ्यांनी हौसेनं ती तारीख धरली. डेकोरेशनवाला आदल्या दिवशी संध्याकाळी पाच-साडेपाचला आला, तेव्हा समुद्र लांब गेलेला, वाळू केवढी मोकळी, त्यानं तिथंच मापं टाकली आणि दुसऱ्या दिवशी पाण्याजवळ गालिचे अंथरून जेवणाची टेबलं मांडली. लग्न लागलं तेव्हा सगळं इतकं सुंदर होतं की काय सांगू. नऊला जेवणं सुरू झाली. साडेदहाला मी वाढपी पोराच्या हातून मठ्ठा घेत होते आणि पायाला गार लागलं. मला वाटलं कुणाचा तांब्या कलंडला. खाली बघते तर गालिचा तरंगायला लागलेला. पाच मिनिटांत खुर्च्या आडव्या, आहेराच्या साड्यांची पिशवी वाहत चालली ती आमच्या जाऊबाईंनी पदर खोचून पाण्यात जाऊन धरली. सगळ्यात भीती वाटली ती जनरेटरच्या वायरची, ती पाण्यात पडलेली, कुणीतरी ओरडून मशीन बंद करायला लावलं आणि मग तीनशे माणूस मिट्ट काळोखात. चांदणं होतं म्हणून पोरं तरी दिसली.

कुणाला काही झालं नाही ही सिद्धरामेश्वराची कृपा. पण दादा, त्या डेकोरेशनवाल्यानं एकदा, फक्त एकदा, रात्री अकरा वाजता किनारा बघितला असता तर हे झालं नसतं. तुम्ही मुहूर्ताची वेळ तेवढी बघू नका, शेवटची पंगत उठेपर्यंत पाणी कुठं असेल ते बघा.

---

खारवीवाडा

काकू, बरोबर. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्रीच्या आधी पाणी पूर्ण भरणार, संध्याकाळी पाच-सहाला पूर्ण सुकती. म्हणजे सजावट करायला माणूस येतो तेव्हाच किनारा सगळ्यात मोठा दिसतो. आणि थंडीत रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते, पावसाळ्यात उलटं. हे बाहेरच्या माणसाला कळायचं कसं.

---

मांडव_आणि_माणसं

आमचा घरचाच मांडवाचा धंदा, वडिलांपासून, अक्कलकोट रोडला गोडाऊन आहे. कोकणात तीन लग्नं केलीत म्हणून थोडं सांगतो.

सोलापुरात आपण पाईपचा मांडव घालतो, खाली जमीन कडक, पहारीनं खुंटी ठोकली की विषय संपला. वाळूत खुंटी ठोकली तर हातानं उपटून येते. तिथं बांबूच घ्या, स्थानिक माणसाकडून घ्या, चार फूट तरी खाली गेला पाहिजे, खड्डा करून पाणी ओतून वाळू चोपून बसवतात, आणि ताणाची दोरी खुंटीला न बांधता वाळूनं भरलेल्या पोत्याला बांधून ते पोतं पुरायचं. छताला पूर्ण कापड लावूच नका. पूर्ण कापड म्हणजे शीड, वारा भरला की मांडव उचलणार. मोकळ्या पट्ट्या सोडा, नाहीतर नारळाची झापं. संध्याकाळचं लग्न आहे, ऊन नाही, छत हवंय कशाला एवढं.

वाऱ्याचं गणित असं की दिवसा जमीन तापते, समुद्र त्यामानानं गार, म्हणून अकरा-बारानंतर समुद्राकडून वारा सुरू होतो आणि तीन ते पाच सगळ्यात जोर असतो. शाळेत आपण खारे वारे, मतलई वारे शिकलो तेच. सूर्य बुडायच्या सुमाराला तो पडत जातो आणि रात्री उलटा जमिनीकडून हलका वारा लागतो. म्हणजे गोरज मुहूर्त वाऱ्याच्या दृष्टीनं पण चांगला. फक्त फुलांचं काम दुपारी तीनला करून ठेवू नका, गुलाबाच्या पाकळ्या चार वाजेपर्यंत गावभर होतात. झेंडू आणि आंब्याचे टहाळे टिकतात. मोगरा शेवटच्या तासाला.

होमासाठी खोल लोखंडी कुंड घ्या, उथळ परात नको. कुंडाच्या पश्चिमेला आणि वायव्येला गुडघाभर उंच विटांचा आडोसा करा, कोरडा रचला तरी चालतो. कापूर झाकणाच्या डबीत. आणि अंतरपाट! साधा पंचा धरला तर तो पतंगासारखा उडतो, मुलीच्या तोंडावर येतो. खालच्या दोन्ही टोकांना हळकुंड बांधून घ्या, वजन पण होतं आणि शुभ पण. अक्षता वाऱ्याच्या दिशेनं टाकायला माणसं उभी करा, नाहीतर समोरून टाकलेल्या सगळ्या परत आपल्याच डोळ्यात. माईकला स्पंजची टोपी लागते, नसेल तर मंगलाष्टकांच्या जागी नुसता घूं घूं आवाज येतो, हे माझ्या पहिल्या कोकणातल्या लग्नात झालं होतं आणि त्या मुलीच्या आत्यानं दोन महिने मंगलाष्टकं पाठ केली होती, मला आजही वाईट वाटतं.

जेवण वाळूवर अजिबात नको. वाडीत घ्या. वाळू वरणात गेली की संपलं. जनरेटर पण वाडीत, उंचावर, वायर जमिनीवरून न नेता झाडाझाडावरून.

---

नवी_पेठ_चहा

मला एक कळत नाही, एवढा खटाटोप करून साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटर लांब कशाला, उजनीच्या काठाला करा की, पाणी पण आहे, सूर्य पण बुडतो, रोहित पक्षी पण येतात, दोन तासात सगळे घरी. आज्जी ८२ वर्षांच्या आहेत म्हणता, आंबा घाट उतरताना त्यांना किती त्रास होईल. रागावू नका, काळजीपोटी बोलतोय.

---

जुळे_सोलापूरकर

रागावलो नाही काका, वडील पण आधी हेच म्हणाले. पण मुलाकडच्यांचं घर तिकडं, त्यांची निम्मी माणसं तिकडची आणि बहिणीला समुद्रच पाहिजे, तिला मी नाही म्हणू शकत नाही. आज्जीचं असं ठरवतोय की दोन दिवस आधी निघायचं, मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूरला मुक्काम, अंबाबाईचं दर्शन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत घाट उतरायचा. आज्जीच म्हणाली, देवीला भेटून जाऊ मग मला घाट-बिट काही होत नाही.

खारवीवाडा दादा, तुम्ही पाऊणपट सांगितलीत आणि मी घरी पंचांग घेऊन बसलो, वडील पण बाजूला येऊन बसले, रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं नुसतं तिथी आणि पाऊणपट करत होतो. दशमी रद्द. अक्षय तृतीयेची तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे संध्याकाळी पाणी उतरतंच आहे ना? मग मे महिन्याला काय हरकत, लोकांना सुट्टी पण आहे. की अजून काही आहे?

---

वळीव

भरतीचं गणित बरोबर आहे तुमचं, पण मे महिन्याची अडचण भरतीची नाहीच, ती हवेची आहे. मी रत्नागिरीत नोकरीला आहे, मूळ बार्शीचा, त्यामुळं दोन्हीकडचा उन्हाळा अंगावर घेतलेला माणूस. सोलापुरात ४२-४३ असतं पण कोरडं, घाम येतो आणि वाळतो. इथं तापमान ३३-३४ च दाखवतं पण घाम वाळतच नाही. नऊवारी, शालू, फेटा, सूट घातलेला सोलापूरचा माणूस इथं अर्ध्या तासात भिजून निथळतो. म्हातारी माणसं गळून जातात. शिवाय मे मध्ये वाळू संध्याकाळी पाचपर्यंत अनवाणी पायाला चटके देते.

आणि मुख्य म्हणजे वादळं. अरबी समुद्रात वादळांचे दोन मोसम, एक पावसाच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि दुसरा पाऊस गेल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. २०२१ च्या मे महिन्याच्या मध्याला तौक्ते इथून किनाऱ्या-किनाऱ्यानं वर गेलं, प्रत्यक्ष धडकलं गुजरातला पण आमच्याकडं आंब्याची झाडं, घरांची कौलं, विजेचे खांब सगळं गेलं, कितीतरी गावांत दिवसेंदिवस लाईट नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग, ते तर रायगडलाच आलं. वादळ नसलं तरी मे अर्धा झाला की समुद्र फुगायला लागतो, लाटेत जोर येतो, वळवाची सर कधीही. डिसेंबर पण अगदी निर्धास्त नसतो म्हणा, २०१७ च्या डिसेंबरात ओखीमुळं ऐन थंडीत पाऊस पडला होता. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चची सुरुवात हा सगळ्यात भरवशाचा काळ, आकाश स्वच्छ, समुद्र शांत, हवा बरी. आणि तुमच्या तिन्ही मुहूर्तांपैकी दोन त्यातच पडतात, बारावीच्या पोरीचं मात्र खरंच वाईट वाटतं.

एक बारीक गोष्ट जी कुणी सांगत नाही. गुरुजींनी ६ वाजून २६ मिनिटं ही वेळ सोलापूरच्या सूर्यास्तावरून काढली असणार. रत्नागिरी सोलापूरच्या पश्चिमेला अडीच अंशांहून थोडी जास्तच आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य इथं साधारण दहा मिनिटं उशिरा मावळतो. फेब्रुवारीच्या मध्याला इथला सूर्यास्त साडेसहा उलटून सात-आठ मिनिटांनी. ६.२६ ला अक्षता टाकल्या तर सूर्य अजून वर लखलखत असेल, आणि दोघांना पूर्व-पश्चिम उभं केलं की एकाच्या डोळ्यात सरळ ऊन. गुरुजींना रत्नागिरीचे अक्षांश-रेखांश देऊन वेळ परत काढून घ्या. सूर्य बुडाल्यावर फोटोला चांगला उजेड फार तर वीस-पंचवीस मिनिटं राहतो, आपल्याकडं संधिप्रकाश लांबत नाही, तेव्हा हार, मंगळसूत्र जे उजेडात पाहिजे ते लगेच, सप्तपदी दिव्यात छान दिसते.

दोन-तीन दिवस आधीपासून हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी केंद्राचा समुद्राचा अंदाज रोज बघा. कधीकधी इथं आभाळ निरभ्र असतं आणि लांब कुठंतरी झालेल्या वादळाच्या लाटा इथं येऊन थडकतात, तो इशारा ते देतात.

---

कासवाची_वाट

मी गुहागरची. तुमचं लग्न छान होवो, पण माझी एक कळकळीची विनंती आहे म्हणून लिहितेय. नोव्हेंबर ते मार्च आमच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात, वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी अशा कितीतरी ठिकाणी. एका खड्ड्यात शंभरच्या आसपास अंडी असतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात, म्हणजे नेमकं फेब्रुवारीपासून पुढं. पिल्लू वाळूतून वर आलं की जिकडं जास्त उजेड तिकडं चालतं, कारण रात्री समुद्राचं क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असतं, हजारो वर्षांची तीच खूण. तुम्ही किनाऱ्यावर पांढरे हॅलोजन लावले तर ती तुमच्या मांडवाकडं चालत येतील आणि सकाळपर्यंत सुकून मरतील, नाहीतर कुत्री-कावळे उचलतील. मी माझ्या हातानं अशी पिल्लं उचललीत, काडेपेटीएवढी असतात, तळहातावर ठेवली तरी पाय हलवत राहतात, पोहायचीच घाई.

म्हणून आधी वनविभागाला आणि गावातल्या कासवमित्रांना विचारा तुमच्या पट्ट्यात घरटी आहेत का. दिवे पिवळे, मंद, खाली तोंड करून, समुद्राकडं पाठ करून. फटाके नको, आकाशकंदील सोडणं तर नकोच, ते शेवटी समुद्रात जातात. रात्री दहानंतर स्पीकर कायद्यानंच बंद आहे, त्याचा आधीच हिशोब धरा. आणि हो, परवानगी. भरतीच्या रेषेपासून आत ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमनाचे, नियम लागतात, पुळण कुणाच्या मालकीची नसते, त्यामुळं वाडी नातेवाइकांची असली तरी किनाऱ्यावर एक खांब रोवायचा तरी ग्रामपंचायत, तहसील, मेरीटाईम बोर्ड, पोलीस ठाणे सगळीकडं आधी विचारून लेखी घ्या. दोन महिने हाताशी ठेवा. माझं मत विचाराल तर लग्न तेवढं पुळणीवर, तेही खुर्च्या आणि साध्या चौरंगावर, बाकी सगळं वाडीत.

---

मांडव_आणि_माणसं

ताई, हे मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही मागच्या वेळी चार मेटल लाईट समुद्राकडं तोंड करून लावले होते, लाटा दिसाव्यात म्हणून. पुढच्या वेळेपासून नाही लावणार.

---

बाळीवेसची_काकू

अजून दोन गोष्टी राहिल्या. आपल्या सोलापूरच्या पोरांना समुद्र दिसला की ती पळतात, त्यांना पाण्याची सवय नाही आणि गणपतीपुळ्याकडचा समुद्र वरून शांत दिसतो पण खाली उतार एकदम आहे, दरवर्षी माणसं जातात तिथं. गावातले दोन पोहणारे मुलगे दिवसभरासाठी नेमा, त्यांना मानधन द्या, आणि जेवण झाल्यावर कुणालाच पाण्यात जाऊ देऊ नका, मोठ्यांना सुद्धा. गाड्या वाळूवर नेऊ देऊ नका, रुततात आणि मग भरती येते.

दुसरं, फेब्रुवारीत रात्री दव फार पडतं तिकडं. आठनंतर गाद्या ओलसर, केस ओलसर. आपल्या चादरी न्या. मी तर म्हणते पाहुण्यांना आहेरात रुमाल-टोपीऐवजी सोलापुरी चादरच द्या आणि ती लग्नाच्या आधीच प्रत्येकाच्या खुर्चीवर ठेवा. वाळूवर अंथरायला पण होते आणि रात्री पांघरायला पण. आज्जींसाठी दोन.

---

खारवीवाडा

दादा, एक सुचवतो. एक महिना आधी त्याच तिथीला, म्हणजे पौष शुद्ध पंचमीला, दुपारी तीनला येऊन रात्री दहापर्यंत त्या जागेवर नुसते बसा. पाणी जवळपास तसंच वागेल. ऐकलेलं वेगळं आणि बघितलेलं वेगळं.

---

जुळे_सोलापूरकर

दादा, पौष शुद्ध पंचमी नेमकी गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत येतेय, नंदीध्वजाचा अक्षता सोहळा सोडून वडील कुठंही जाणार नाहीत, आजवर एकदाही चुकला नाही त्यांचा. वद्य पंचमीला आलो तर चालेल का? तुमच्या हिशोबानं पंधरा दिवसांनी परत तीच वेळ यायला पाहिजे.

---

खारवीवाडा

चालेल. तुम्हाला आता कुणाला विचारायची गरज नाही.

---

जुळे_सोलापूरकर

मंडळी, जाऊन आलो. जानेवारीचा शेवटचा आठवडा, पौष वद्य पंचमी. मी, वडील आणि होणारे जावई. सगळं जसंच्या तसं सांगतो.

पावणेतीनला पोचलो तेव्हा पाणी चढत होतं, वारा एवढा की वडिलांची टोपी दोनदा उडाली. वडिलांनी येताना घरून उसाची सात-आठ टिपरं आणली होती, मला वाटलं खायला. त्यांनी पाणी जिथपर्यंत आलं तिथं एक टिपरं रोवलं, पंधरा मिनिटांनी पुढं दुसरं, असं करत साडेतीनला शेवटचं टिपरं रोवलं, त्याच्या पुढं पाणी गेलंच नाही. बरोबर तिथंच काड्या आणि शिंपल्यांची रेघ होती, पावणेचारला पाणी हळूहळू मागं फिरलं. वडील कितीतरी वेळ त्या शेवटच्या टिपराजवळ उभे होते, मग मला म्हणाले, "पाणी शब्दाला पक्कं आहे रे."

तिथून वर पंचवीस पावलांवर मर्यादवेल सापडली, जांभळी फुलं होती चार-पाच. तिच्यामागं खांब घालायचं ठरलं. ग्रामपंचायतीत जाऊन बोललो, कासवमित्र मुलगा पण भेटला, त्या पट्ट्यात यंदा एक घरटं सापडलं होतं, अंडी त्यांनी हॅचरीत हलवलीत, तरी दिवे पिवळेच लावा म्हणाला आणि स्वतः येऊन बघून जाणार आहे. सहानंतर वारा खरंच पडला. सूर्य साडेसहाच्या दोन-तीन मिनिटं आधी बुडाला, मी घरी फोन लावला तर आई म्हणाली इकडं केव्हाच दिवे लागले. गुरुजींनी वेळ बदलून ६.३७ दिलीय.

मामांना फोन करून माघ पंचमीचं सांगितलं, त्यांच्या मुलीनं स्वतः फोन घेतला, थोडी रडली, मग म्हणाली मला व्हिडिओ कॉलवर दाखवा आणि माझी परीक्षा झाल्यावर सोलापुरात एक जेवण घाला. ते होटगी रोडच्या हॉलला मार्चअखेर ठरवलंय, शेंगापोळी आणि हुग्गी, तिच्या आवडीचं.

चादरी १८० सांगितल्यात, काकू. आज्जीच्या दोन धरून १८१.

आता एकच विचारायचं राहिलं. बहिणीला ती जुनी बाटली लग्नाच्या दिवशी परत समुद्राच्या पाण्यानं भरायचीय, सूर्य बुडायच्या आधी, शालू नेसायच्या आधी. चार-साडेचारला पाणी नुकतंच फिरलेलं असेल, तेव्हा तिला कडेला नेलं तर चालेल ना खारवीवाडा दादा?

---

खारवीवाडा

चालेल. घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही, समुद्राकडं पाठ करायची नाही, हात धरायला एक माणूस ठेवा. माझी होडी त्या दिवशी तिथंच ओढून ठेवतो, मी आहे.